हमीपत्राने मार थांबत नाही



गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. एका रविवारी वाचन संपले, सरणत्तय झाले, चहा झाला. बायका चपला शोधू लागल्या. एक ताई मात्र जागची उठेना. पदर कपाळाच्या खाली ओढलेला. महिला मंडळाच्या एका मावशींनी जवळ जाऊन तो पदर हळूच बाजूला केला, तर भुवईच्या वर टाके. "काय झालं गं?" म्हणून विचारले, तर ताई म्हणाली, "नळावर पाय घसरला." मावशी म्हणाल्या, "बाई, वस्तीला नळ एकच आहे. तिथे रोज शंभर बाया पाणी भरतात. तुझाच पाय सारखा कसा घसरतो?"

खरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. आम्हाला तर जरा जास्तच ठाऊक होती. कारण त्याआधी तीन वेळा हे भांडण विहार समितीपुढे आले होते आणि तिन्ही वेळा आम्ही पंचमंडळींनी समेट घडवून आणला होता. तिसऱ्या खेपेला स्टॅम्प पेपरवर हमीपत्रच लिहून घेतले. 'यापुढे मी पत्नीस मारहाण करणार नाही, दारू पिऊन घरी येणार नाही.' खाली नवऱ्याची सही, दोन साक्षीदार. तो मजकूर आम्हीच लिहिला. कचेरीत दिवसभर कागदच लिहीत असतो, त्यामुळे मसुदा कसा पक्का झाला याचा आम्हाला थोडा अभिमानही वाटला होता. नवऱ्याने बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, सर्वांना हात जोडले. आणि महिना भरायच्या आत तिच्या कपाळावर तांब्या मारला.

त्या रात्री घरी आल्यावर आम्ही त्या हमीपत्राची प्रत काढून पुन्हा वाचली. वाचताना आमचीच मान खाली गेली. कारण नवऱ्याच्या हमीखाली आम्ही आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या. 'मीही पतीस उलट बोलणार नाही व न विचारता माहेरी जाणार नाही.' त्याखाली ताईची सही. म्हणजे मार खाणारीकडूनही आम्ही हमी घेतली होती! जणू तिच्या बोलण्यामुळेच तांब्या उडत होता. वर आम्ही म्हणत होतो की पंचांनी न्याय केला.

ही एका वस्तीची गोष्ट आहे असे समजू नका. आपल्या विहारांत, पंचायतींत, मंडळांत असे कागद किती लिहिले गेले असतील याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा.

बाहेरच्याने आपल्या लेकीबाळींवर हात टाकला की आपला समाज पेटून उठतो, आणि उठलेच पाहिजे. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ रोजी आपल्या समाजातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची हत्या झाली, तेव्हा महाराष्ट्रभर आपण रस्त्यावर उतरलो. परंतु तोच हात घरातल्या माणसाचा असला की आपण दार लावून घेतो. म्हणतो, "नवरा-बायकोचं आहे, होईल ठीक." मग प्रश्न पडतो की आपला राग अत्याचारावर आहे की फक्त अत्याचार करणाऱ्याच्या जातीवर? ज्या बाईच्या बरगडीत लाथ बसते, तिला लाथ मारणाऱ्याच्या गळ्यात निळा रुमाल आहे म्हणून ती कमी लागते काय?

बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत आपल्या आयाबहिणींना सांगितले होते की समाजाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, आणि पत्नीने पतीची दासी नव्हे, तर बरोबरीची मैत्रीण म्हणून राहावे. स्त्रियांना हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडवले गेले, हे १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडण्याचे एक मोठे कारण होते. ज्यांनी आपल्या आयाबहिणींच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडले, त्यांच्या फोटोखाली बसून आम्ही तिच्याकडून 'उलट बोलणार नाही' असे लिहून घेतले!

तथागतांनी गृहस्थाला काय सांगितले तेही पाहा. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये दिली आहेत. पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी प्रामाणिक राहणे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला वस्त्रालंकार देणे. यात मारण्याचा अधिकार कुठे आहे? पंचशीलातले पहिले शील प्राणिहिंसेविरुद्ध आहे. बोकड कापू नये म्हणून आपण काळजी घेतो आणि घरातल्या बाईला मात्र त्या शीलातून वगळतो. पाचवे शील तर दर पौर्णिमेला म्हणतो आणि दर पगाराला मोडतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत 'दारू पिणार नाही' ही प्रतिज्ञा आहे, ती काही फक्त भाषणात सांगण्यासाठी नव्हे.

काही वाचक म्हणतील की असल्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्याने समाजाची बदनामी होते. त्यांना आमचे एकच सांगणे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शंभरात सुमारे २९ जणींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेली आहे. हा सगळ्या जातिधर्मांचा आकडा आहे. त्याच पाहणीत असेही दिसले की ज्यांनी शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली, त्यांतल्या शंभरात केवळ १४ जणींनी कोणाकडे तरी मदत मागितली. म्हणजे उरलेल्या बाया नळावर पाय घसरल्याचेच सांगत राहिल्या. बदनामी तोंड उघडणारीने होत नाही, मारणाऱ्याने होते आणि त्याला पाठीशी घालणाऱ्या आमच्यासारख्या पंचांनी होते.

आता पुढची हकिगत. त्या रविवारी मावशी पंचांकडे आल्या नाहीत. थेट ताईला घेऊन त्या सरकारी दवाखान्यात गेल्या, सोबत मंडळाच्या आणखी दोघी. डॉक्टरांना खरे कारण सांगितले आणि ते कागदावर लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेल्या. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. बायकोच नव्हे, तर घरात राहणारी आई, बहीण, मुलगी, विधवा सून यांनाही त्याचा आधार घेता येतो. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करतो आणि अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो. मारहाण न करण्याचा आदेश, त्याच घरात राहण्याचा आदेश, खर्चाची रक्कम, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई हे सगळे एकाच अर्जात मागता येते. निकड असेल तर अंतरिम आदेशही मिळतो. आणि असा संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

आमच्या हमीपत्रात आणि या आदेशात काय फरक आहे हे तेव्हा आमच्या लक्षात आले. आमचे हमीपत्र मोडले तर पंच पुन्हा चहा पिऊन दुसरे लिहीत. न्यायालयाचा आदेश मोडला तर पोलीस येतात.

ताई आज त्याच खोलीत मुलांसह राहते. नवरा भावाकडे असतो, व्यसनमुक्तीच्या बैठकांना जातो, कधी जात नाही. तारखा चालू आहेत. सासू बोलत नाही. सगळे गोड झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण तिच्या कपाळावर नवे टाके नाहीत, एवढे खरे.

मुलांच्या बाबतीत तर आपण याहून मोठी चूक करतो. आमच्या रविवारच्या संस्कार वर्गाला चौथीतली एक मुलगी नेमाने येई. वंदना पाठ, पुढे बसायची. एकाएकी ती यायची थांबली. आली तरी दाराजवळ बसू लागली, कोणी पुरुष जवळून गेला की अंग चोरू लागली. वर्ग घेणाऱ्या मुलीला संशय आला. तिने चार जणांत विचारले नाही. एकटीला घेऊन बसली आणि "तू काहीही सांगितलंस तरी मी रागावणार नाही" एवढेच म्हणाली. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मुलगी बोलली. घरात येणाऱ्या एका नातेवाइकाचे नाव निघाले.

आईला कळवले तेव्हा ती आधी रडली, मग म्हणाली, "कुणाला सांगू नका. उद्या पोरीचं लग्न कसं होईल?" मुलगी नऊ वर्षांची, आणि घरात चिंता लग्नाची! ज्येष्ठ मंडळींपैकी दोघे म्हणाले, "त्याला गावी पाठवून देऊ, प्रकरण मिटवू." यावेळी मात्र आम्ही नकार दिला. हमीपत्राचा धडा ताजा होता. शिवाय कायदाही तसा आहे, आणि तो प्रत्येक पालकाने, शिक्षकाने, विहाराच्या पदाधिकाऱ्याने माहीत करून घ्यावा.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला सर्वजण पोक्सो म्हणतात, तो २०१२ सालचा असून १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचे प्रत्येक मूल, मुलगी असो वा मुलगा, त्यात येते. असा अपराध घडल्याचे ज्याला कळले, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणे हाच गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध लपवला तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर मात्र काही बालंट येत नाही. म्हणजे 'मिटवू' म्हणणारे पंच स्वतः आरोपी होऊ शकतात. आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की बालकावरील अशा अपराधाचा खटला दोन्ही घरांनी आपसात समझोता केला म्हणून रद्द करता येत नाही.

मुलीला चौकीत खेचतील ही भीती आईला होती. तिला आम्ही कायदा वाचून दाखवला. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने. अधिकारी गणवेशात नको. आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेले माणूस सोबत हवे. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने करायची. मुलाचे नाव-पत्ता वर्तमानपत्रात येऊ द्यायचा नाही. चोवीस तासांच्या आत पोलिसांनी बालकल्याण समितीला कळवायचे. मुलाची साक्ष विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत व्हावी आणि खटला शक्यतो वर्षभरात संपावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात उशीर होतो हे आम्ही जाणतो, पण हक्क माहीत असला तर मागता येतो.

महिला अधिकारी साध्या पोशाखात घरी आल्या. मुलीच्या शेजारी आई आणि वर्गाची ताई बसली होती. बाहेर गर्दी होऊ नये म्हणून मंडळाच्या बायका जिन्यात बसून राहिल्या. चौकशीला आलेल्या शेजाऱ्यांना त्यांनी एकच उत्तर दिले, "घरात पाहुणे आहेत." मुलीचे नाव आजपर्यंत वस्तीत कोणी उच्चारलेले नाही. हे काम कोर्टाला किंवा पोलिसांना जमले नसते. ते त्या बायकांनी केले.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक छळाचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले आणि त्यात मुलगेही मुलींच्या बरोबरीने होते. छळणारा बहुधा ओळखीचा असतो. तेव्हा 'परक्यापासून सावध राहा' एवढे शिकवून भागत नाही. घरच्या माणसालाही 'नको' म्हणता येते हे मुलांना शिकवावे लागेल. आणि 'मामाला पापी दे' म्हणून मुलाला नकोशा मांडीवर ढकलणे आधी आपण थांबवावे लागेल.

ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूरला शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराने लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. तो संताप खरा होता. पण संताप घटनेनंतर येतो. आधीची काळजी आपल्याच हाती असते. आपल्या विहारांत श्रामणेर शिबिरे भरतात, मुले आठ-दहा दिवस मुक्कामाला असतात. तिथे एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाला खोलीत नेऊ नये, मुलांच्या झोपण्याच्या जागेवर दोन जबाबदार माणसांची नजर असावी, मुलींसाठी महिला कार्यकर्त्या मुक्कामी असाव्यात, भिंतीवर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मोठ्या अक्षरात असावा. यात कोणावर अविश्वास नाही. तिजोरीला दोन किल्ल्या ठेवतो तेव्हा खजिनदाराचा अपमान होतो काय?

आता पोलिसांविषयी. "आपल्या माणसाला पोलिसांच्या तावडीत कशाला द्यायचे?" असे अनेकजण म्हणतात. ही भीती हवेतली नाही. १९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या पोलिसांना निर्दोष सोडले. पण गोष्ट तिथे संपली नाही. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, स्त्रिया ठिकठिकाणी रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी नवऱ्याच्या व सासरच्या क्रूरतेविरुद्धचे ४९८-अ हे कलम आले, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ व्या कलमात आहे. म्हणजे व्यवस्था वाईट वागली म्हणून लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली नाही, तिला वाकवली.

मुंबईत तर १९८४ सालापासून टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला आणि प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या पोलिसांच्या आवारातच बसू लागल्या. पुढे असे कक्ष महाराष्ट्रात इतरत्रही निघाले. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा फसवल्या गेलेल्या विधवांना त्यांनी आधी जागा दिली, उपदेश दिला नाही. आपल्या महिला मंडळांनीही हाच कित्ता गिरवावा.

आम्ही कारकून माणसे. मोठे तत्त्वज्ञान आम्हाला जमत नाही, पण कागदाचे महत्त्व कळते. म्हणून चार गोष्टी सांगतो. एक, मार लागला की आधी दवाखाना, आणि केसपेपरवर खरे कारण. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीला वा मुलाला सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार दिले पाहिजेत. दोन, गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नये. नोंदवून घेतली नाही तर तीच तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. तीन, स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. बलात्कार व बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, तिची चौकशीही तिथेच करावी. चार, तातडीला ११२, स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. हे तीन आकडे विहाराच्या फळ्यावरून कधी पुसू नयेत.

आमच्या समितीने आता ठराव केला आहे. मारहाणीच्या आणि मुलांवरील अत्याचाराच्या प्रकरणात विहार समेट करणार नाही. विहार सोबत करील. दवाखान्यात सोबत, ठाण्यात सोबत, कोर्टात सोबत. तारखेला जाणाऱ्या बाईचा रोज बुडतो, म्हणून दानपेटीतून तिला गाडीभाडे. तिची मुले त्या दिवशी कोणाकडे जेवतील त्याची पाळी. जमाखर्चाच्या वहीत या खर्चाचे आम्ही वेगळे पान काढले आहे. जयंतीच्या मंडपाच्या पानापेक्षा ते पान फार लहान आहे, हे आम्हाला दिसते, आणि पुढच्या वर्षी ते तसे राहू नये असा प्रयत्न आहे.

ठरावाला विरोध झालाच. एक ज्येष्ठ म्हणाले, "मग पंच कशाला उरले?" त्यावर मावशी म्हणाल्या, "दादा, कोर्टात माझ्याशेजारी बसायला उरले. तारीख परवा आहे, येता का?" दादा आले. दिवसभर बाकावर बसले. परतताना म्हणाले, "बाईमाणसाला इथं एकटीनं बसणं अवघड आहे बुवा."

ते जुने हमीपत्र आम्ही फाडलेले नाही. समितीच्या फायलीत ते पहिल्या पानावर लावून ठेवले आहे. नवीन माणूस समितीवर आला की त्याला ते आधी वाचायला देतो. खाली अक्षर आमचेच आहे, हेही सांगतो.

तुमच्या विहाराच्या फायलीत असा कागद आहे काय, हे येत्या पौर्णिमेला जरूर पाहा. विचार व्हावा.

नमो बुद्धाय, जयभीम!